आधी पत्ता, मग पान: स्वतःचा ब्लॉग आणि एक छोटं वेब ॲप उभं करताना

स्वतःची वेबसाइट करायची ठरली की बहुतेकांची सुरुवात थीमपासून होते. कुठला रंग, कुठला फॉन्ट, वरती फोटो सरकता हवा की स्थिर. यात दोन रविवार जातात आणि तिसऱ्या रविवारी उत्साह संपलेला असतो. मी वेब डेव्हलपर आहे, आणि नवख्यांना मी उलट्या क्रमाने चालायला सांगतो: आधी पत्ते ठरवा, मग मजकूर लिहा, सजावट सगळ्यात शेवटी. थीम बदलली तर कुणाचं काही अडत नाही. पत्ता बदलला तर तुमच्या पानाकडे येणारी जगातली प्रत्येक लिंक तुटते, आणि हे तुम्हाला कुणी येऊन सांगतही नाही.

या लेखात साधा ब्लॉग, त्याची फीड (नवे लेख वाचकाच्या ॲपपर्यंत आपोआप पोचवणारी फाइल) आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र एकर-गुंठ्यात दाखवणारं एक छोटं वेब ॲप, एवढं सगळं करून बघू. लॅपटॉप किंवा जुना डेस्कटॉप आणि व्हीएस कोडसारखा एखादा फुकट एडिटर पुरतो. फोनवरही जमतं, पण तिथे कंस आणि अवतरणचिन्हं शोधण्यातच जीव जातो. एचटीएमएलची तोंडओळख असली तर उत्तम, नसली तरी चालेल.

नाव स्वतःचं घ्या

फुकटच्या पत्त्यावर शिकायला हरकत नाही, पण ज्या लेखांची तुम्हाला काळजी आहे ते परक्या नावाखाली ठेवू नका. जिओसिटीजवर एकेकाळी लाखो घरगुती पानं होती. याहूने २००९ मध्ये जपान वगळता ते बंद केलं. पोस्टरस नावाची सोपी ब्लॉगसेवा २०१३ मध्ये गेली. वाचायच्या लिंका साठवून ठेवायला वापरलं जाणारं पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद झालं. यातल्या कुठल्याही कंपनीने कुणाला फसवलं असं नाही. धंदा परवडेना, दुकान बंद केलं. डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, तुमचं असेल तर दुकान बदलता येतं आणि पत्ता तोच राहतो.

डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या. घेताना पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर बघा. तो कुठेतरी बारीक अक्षरांत असतो. नाव बोलून सांगता आलं पाहिजे: फोनवर मावशीला सांगितलं आणि तिने न विचारता बरोबर टाइप केलं, की नाव पास. मधे हायफन आणि आकडे असले की ही परीक्षा हमखास बुडते. डोमेनच्या खात्याला ऑफिसचा ईमेल देऊ नका. नोकरी सुटते, ईमेल बंद होतो आणि नूतनीकरणाची आठवण कुणाच्या तरी बंद पेटीत पडून राहते.

डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं. दिसायला सुरेख आहे. आतून मात्र ते एक्सएन आणि दोन हायफनांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या माळेत बदलतं, आणि काही ॲप त्याला लिंक म्हणून ओळखतच नाहीत. हौस असेल तर जरूर घ्या, पण ते मुख्य रोमन डोमेनकडे वळवून ठेवा.

पहिलं पान हाताने लिहा

एखादं जनरेटर (साच्यातून सगळी पानं बनवून देणारं साधन) किंवा वर्डप्रेस लगेच बसवायचा मोह होईल. एक पान तरी हाताने लिहाच, कारण पुढे काही बिघडलं की कुठे बघायचं ते त्यातूनच कळतं. फोल्डर करा, त्यात इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल करा. तिच्या सुरुवातीला चार गोष्टी हव्यात: एक एचटीएमएल टॅगवर, बाकी तीन हेड या वरच्या भागात.

पहिली, कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८. ही ओळ नसली तर काही ब्राउझर तुमच्या मराठीचा चुराडा करून दाखवतील. दुसरी, एचटीएमएल टॅगवर लँग हा गुणधर्म आणि त्याची किंमत मराठीचा दोन अक्षरी कोड, म्हणजे एम आणि आर. याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. पण हिंदी आणि मराठी यांतले ल आणि श वेगळ्या वळणाचे असतात, आणि चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. कुठलं दाखवायचं हे फॉन्टला या एका शब्दावरून समजतं. पान मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरही उच्चार त्यावरूनच ठरवतात. तिसरी, व्ह्यूपोर्टची मेटा ओळ. ती नसली तर फोनवर अख्खं पान मुंगीएवढं दिसतं. चौथी, टायटल. ते पानाचंच असावं, दर पानावर साइटचं नाव नको.

फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट फुकट आहे आणि पडद्यावर छान वाचता येतो. छापील पुस्तकाचा बाज हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा, १.७ च्या आसपास. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये ते कमी असतं आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतात. सजावट म्हणून आज एवढंच.

पान चढवा

अशी स्थिर पानं फुकट ठेवायला गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस आणि नेटलिफाय हे नावाजलेले पर्याय आहेत. तिन्ही ठिकाणी स्वतःचं डोमेन जोडता येतं आणि एचटीटीपीएसचं कुलूप आपोआप लागतं. खातं काढा, फोल्डर चढवा, डोमेनच्या सेटिंगमध्ये ते सांगतील त्या नोंदी भरा. नोंदी जगभर पोचायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी एक दिवस. तोवर दर मिनिटाला रिफ्रेश करून काही होत नाही.

दोन सूचना. गिटहबच्या फुकट खात्यावर पेजेस वापरायचं तर रिपॉझिटरी (तुमच्या फाइली जिथे राहतात ती जागा) सार्वजनिक ठेवावी लागते, म्हणजे त्यात टाकलेला अर्धवट मसुदासुद्धा कुणालाही वाचता येतो. आणि फाइलींची नावं सगळी लहान लिपीत ठेवा. विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच वाटतं, पण साइट जिथे राहते ते लिनक्सचे सर्व्हर दोन्ही वेगळे धरतात. घरी चालणारा फोटो चढवल्यावर दिसेनासा झाला, तर दहातल्या निम्म्या वेळा कारण हेच असतं.

आता पत्ते

इथे थांबून वेळ घालवा. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९८ मध्ये, चांगले पत्ते बदलत नाहीत, असं सांगणारं एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्याचा युक्तिवाद असा, की पत्ता आपोआप बदलत नाही, तो माणसं बदलतात. आणि बदलावा लागतो, कारण त्यात मुळात नको ती माहिती कोंबलेली असते: लेखकाचं नाव, विषयाचा कप्पा, मसुदा की अंतिम, फाइलचा प्रकार. उद्या कप्पा बदलला की पत्ता खोटा ठरतो.

म्हणून पत्ता कोरा ठेवा. डोमेननंतर लेखाचं छोटं नाव, बस्स. शेवटी डॉट एचटीएमएल दिसू देऊ नका. त्यासाठी प्रत्येक लेखाला स्वतंत्र फोल्डर करा आणि फाइलचं नाव त्यात इंडेक्स ठेवा. पाच वर्षांनी पानं पीएचपीसारख्या सर्व्हरवरच्या भाषेतून तयार व्हायला लागली तरी बाहेरच्या माणसाला फरक कळणार नाही. तारीख घालावी का, यावर डेव्हलपर हिरिरीने भांडतात. बातमी किंवा नोंदवही असेल तर वर्ष घाला. जुनं पान जुनं आहे हे त्यातून दिसतं. पाककृती किंवा मार्गदर्शक असेल तर नको, कारण असं पान तुम्ही पुढेही सुधारत राहणार.

मराठीत लिहिणाऱ्यांना यापुढचा प्रश्न पडतोच: पत्ता देवनागरीत की रोमनमध्ये? देवनागरी पत्ता चालतो. मराठी विकिपीडियाचे सगळे लेख तसेच आहेत आणि ब्राउझर तो नीट दाखवतो. अडचण कॉपी केल्यावर येते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटसाठी एक टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं लागतात. काना, मात्रा, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. म्हणजे 'गुंठा' या शब्दात पाच चिन्हं, आणि कॉपी करून पाठवला की त्याची ४५ अक्षरं. चार शब्दांचं शीर्षक असेल तर वॉट्सॲपवर टक्क्यांची भिंत उभी राहते, आणि ती बघून शहाणी माणसं व्हायरस समजून हात लावत नाहीत.

वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून पत्ता बनवताना तो २०० अक्षरांवर कापतं. नऊने भागा, म्हणजे साधारण बावीस चिन्हं. लांब शीर्षक मधेच तुटतं, कधी शब्दाच्या पोटात. ब्लॉगर त्याच्या उलट वागतं: पूर्ण देवनागरी शीर्षक असलं की त्याला पत्त्यासाठी काहीच सापडत नाही, मग ब्लॉग-पोस्ट आणि पुढे एखादा आकडा असं नाव चिकटवतं. जुन्या मराठी ब्लॉगांचे निम्मे पत्ते असे एकसारखे दिसतात ते यामुळे. दोन्हीकडे प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने लिहायची सोय आहे. ती वापरा.

देवनागरी पत्त्यात आणखी एक खोल खड्डा आहे, आणि तो खास आपला. 'दऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाल्या ऱ ला हलंत जोडून, किंवा साध्या र् नंतर न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. 'ॲप' मधलं पहिलं अक्षरही तसंच. एक स्वतंत्र चिन्ह म्हणून येतं किंवा अ वर चंद्र ठेवून येतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. एका कीबोर्डवर बनवलेल्या पत्त्याची लिंक दुसऱ्या कीबोर्डवर हाताने लिहिली की समोर ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. युनिकोडचं प्रमाणीकरण केलं तरी या दोन जोड्या एक होत नाहीत. म्हणून माझा सल्ला कोरडा आहे: मजकूर शंभर टक्के देवनागरीत, पत्ता रोमनमध्ये, लहान अक्षरं, शब्दांमध्ये हायफन, तीन-चार शब्दांपेक्षा जास्त नाही. भाषेचा अभिमान पानावर दाखवायला जागा पुष्कळ असते.

कधी पत्ता बदलावा लागलाच, तर जुन्यावरून नव्याकडे वळण लावा. त्याचा कोड ३०१, म्हणजे कायमचं स्थलांतर. ३०२ म्हणजे तात्पुरतं. ब्राउझर आणि गूगल ३०१ लक्षात ठेवतात, त्यामुळे तो खात्री असल्याशिवाय लावू नका. नेटलिफाय आणि क्लाउडफ्लेअर पेजेसवर अंडरस्कोर-रिडायरेक्ट्स नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये दर ओळीला जुना पत्ता, नवा पत्ता आणि कोड लिहिला की काम होतं. गिटहब पेजेसवर अशी फाइल चालत नाही. तिथे जुन्या जागी मेटा रिफ्रेशची ओळ असलेलं छोटं पान ठेवावं लागतं. एखादा लेख मुद्दाम कायमचा काढला असेल तर ४१० हा कोड आहे, त्याचा अर्थ 'होतं, आता नाही'.

लिंक देण्याची रीत

'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा' हे वाक्य आजपासून बंद. लिंक ज्या शब्दांवर आहे ते शब्द वाचूनच पलीकडे काय आहे ते कळलं पाहिजे. स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारी माणसं अनेकदा पानावरच्या फक्त लिंकांची यादी ऐकतात. तिथे सात वेळा 'इथे' ऐकून काय समजणार?

लिंक चिकटवण्याआधी तिची शेपटी छाटा. प्रश्नचिन्हापुढे यूटीएम किंवा एफबीसीएलआयडी असं काही दिसलं तर ते तुम्ही कुठून आलात हे मोजण्यासाठी असतं. ते काढून पान उघडतं का बघा, जवळजवळ नेहमी उघडतं. लिंक आखूड करणाऱ्या सेवा ब्लॉगमध्ये वापरू नका. गूगलने स्वतःच्या अशा सेवेत नवे पत्ते बनवणं २०१९ मध्ये थांबवलं, मग जुन्यांचं काय होणार यावर पुढे कित्येक वर्षं खल चालला. मूळ पान जिवंत आणि मधला माणूस मेला म्हणून लिंक तुटली, यासारखा फुकाचा तोटा नाही.

लांबलचक पानातला एखादाच परिच्छेद दाखवायचा असेल तर क्रोममध्ये तो मजकूर निवडा, उजवं बटण दाबा आणि हायलाइटची लिंक घ्या. क्रोमला अशा लिंका २०२० पासून समजतात, आता सफारी आणि फायरफॉक्सलाही समजतात. समोरच्याचं पान थेट त्या ओळीवर उघडतं. तुमच्या स्वतःच्या पानांवर मात्र प्रत्येक उपशीर्षकाला आयडी द्या, म्हणजे दुसऱ्यांना नेमक्या जागेची लिंक देता येईल. हेही पत्तेच आहेत, एकदा दिले की बदलू नका.

आणि महत्त्वाच्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तेव्हाच साठवून ठेवा. पत्ता टाका, सेव्हचं बटण दाबा, मिळालेला अर्काइव्हचा दुवा आपल्या वहीत टिपा. सरकारी परिपत्रकं आणि वर्तमानपत्रांची पानं यांच्या बाबतीत ही सवय लावून घ्याच. साइटचं नूतनीकरण झालं की सगळ्यात आधी त्यांचे पत्ते बदलतात.

ब्लॉगची सुरुवात लिंकांनी करा

बरेच ब्लॉग पहिल्याच लेखात मोठं काही सांगायला जातात आणि दुसऱ्या लेखाआधी संपतात. सुरुवातीचे ब्लॉग असे नव्हते. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गरने आपल्या पानाला वेबलॉग म्हटलं, तेव्हा तो वाचनात आलेल्या पानांच्या लिंका टिपत होता, जोडीला एखादी ओळ. तसंच करा. काही वाचलंत, आवडलं किंवा पटलं नाही, तर लिंक द्या आणि दोन ते पाच वाक्यं लिहा: तिथे काय आहे, तुम्हाला काय वाटलं. गोषवारा नको, मत हवं. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की त्यातल्याच तीन-चार एकमेकींकडे बोट दाखवायला लागतात, आणि मोठा लेख तिथून सुचतो.

नोंदी वाढल्या की प्रत्येक पानाचं डोकं आणि शेपूट हाताने लिहिणं जाच होतो. तेव्हा जनरेटर आणा. ह्यूगो झपाट्याने पानं बनवतं आणि एकच फाइल उतरवून चालतं. इलेव्हंटी जावास्क्रिप्ट येणाऱ्यांना सोपं पडेल. लेख मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर लिहायच्या पद्धतीत) लिहा, म्हणजे उद्या जनरेटर बदलला तरी मजकूर साध्या टेक्स्ट फाइलींत तुमच्यापाशी राहील. कोडची मुळीच आवड नसेल तर सरळ वर्डप्रेस घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त डोमेन स्वतःचं असू द्या आणि वरचं पत्त्यांचं सगळं पाळा.

फीड विसरू नका. फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा आरएसएस, म्हणजे फीडची ही रूढ पद्धत, संपलं असं पुष्कळांनी जाहीर केलं. प्रत्यक्षात पॉडकास्टची बहुतेक दुनिया आजही आरएसएसवर चालते, आणि फीडली, इनोरीडर, नेटन्यूजवायर यांतून ब्लॉग वाचणारे वाचक सगळ्यात निष्ठावान असतात. जनरेटर फीड बनवून देतात. हाताने बनवायची तर आरएसएस २.० ची एक एक्सएमएल फाइल: वर साइटचं नाव, पत्ता आणि वर्णन, खाली दर लेखासाठी शीर्षक, लिंक, जीयूआयडी, तारीख, मजकूर. तारखेत महिन्याचं नाव इंग्रजी तीन अक्षरी लागतं आणि शेवटी आपल्या वेळेचं अधिक ०५३० इंग्रजी आकड्यांत. मराठी महिना लिहिलात तर काही रीडर लेखाला १९७० मध्ये नेऊन ठेवतात. जीयूआयडी म्हणजे लेखाची कायमची ओळख. ती बदलली की रीडर सगळे जुने लेख नवे समजून पुन्हा वाढतं. फाइलमध्ये कुठेही उघडं अँपरसँड (&) राहिलं तर अख्खी फीड मोडते, म्हणून चढवण्याआधी डब्ल्यूथ्रीसीच्या फीड तपासनीसातून काढा. शेवटी पानाच्या हेडमध्ये फीडचा पत्ता सांगणारी लिंक ओळ घाला, म्हणजे वाचकाने फक्त तुमचं डोमेन टाकलं तरी रीडरला फीड सापडेल.

वेब ॲप: सातबाऱ्यावरून एकर-गुंठे

पहिल्या ॲपसाठी टू-डू यादी करू नका. जगात त्या पुरेशा आहेत. घरातलं कुणीतरी खरंच वापरेल असं काहीतरी घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं, आणि गावात बोलणं एकर-गुंठ्यात चालतं. हे रूपांतर लोक सतत एकमेकांना विचारतात.

गणित पक्कं आहे. एक हेक्टर म्हणजे १०० आर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. तर सगळं आधी चौरस मीटरमध्ये आणा, १०१.१७१४ ने भागा, गुंठे आले. ४० ने भागून पूर्णांक घेतला की एकर, उरले ते गुंठे. ८१ आर म्हणजे दोन एकरांहून केसभर जास्त. १ हेक्टर २० आर म्हणजे २ एकर ३८.६ गुंठे.

एक फाइल, एक इनपुट, एक उत्तराची ओळ. बटण नको, टाइप करता करता उत्तर बदलू द्या. चाळीसेक ओळींत हे सगळं बसतं. मात्र तीन ठिकाणी ते अडखळेल.

सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८०.९३ असं दोन टिंबांनी लिहितात. ते जसंच्या तसं जावास्क्रिप्टला आकडा म्हणून दिलं तर उत्तर येतं 'हा आकडाच नाही'. म्हणून इनपुट मजकूर म्हणून घ्या, टिंबांवर तोडा, तीन तुकडे वेगवेगळे मोजा. दुसरं, मराठी कीबोर्डवरून आकडे देवनागरीत येतात आणि जावास्क्रिप्टला १२ कळत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे आकडे ओळीने आहेत, तेव्हा प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की आकडा हाती येतो. उत्तर दाखवताना उलट काम फुकटात होतं. आकड्यांच्या रूपणाला मराठी-भारत हा लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिला की अंक देवनागरीत आणि स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी येतात.

तिसरी जागा सगळ्यात गमतीची. ०.८०.९३ चे गुंठे होतात ७९.९९. आधी एकर वेगळे काढले आणि मग एका दशांशावर आणलं, तर पडद्यावर येतं १ एकर ४०.० गुंठे. गावातला कुठलाही माणूस हे बघून हसेल आणि ॲपवर परत विश्वास ठेवणार नाही. आधी गुंठे एका दशांशावर आणा, मग एकर वेगळे करा. उत्तर येईल २ एकर ०. पैसे, वेळ, वजन, जिथे जिथे लहान एकक मोठ्यात चढतं तिथे हाच क्रम लागतो.

आता ॲपला लिंकची जोड द्या. भावाने आकडा टाकला, उत्तर आलं, ते त्याला बहिणीला पाठवायचंय. तो स्क्रीनशॉट पाठवेल. त्याऐवजी टाकलेला आकडा पत्त्यातच जाऊ दे, म्हणजे लिंक उघडली की तोच आकडा आणि तेच उत्तर समोर येईल. पान उघडताना पत्ता वाचायचा, इनपुट बदललं की पत्ता बदलायचा. पत्ता बदलताना ब्राउझरच्या हिस्टरीतली पुशस्टेट ही क्रिया न वापरता रिप्लेसस्टेट वापरा. पुशस्टेटने प्रत्येक अक्षराची वेगळी नोंद होते, आणि मागे जायला बिचाऱ्याला सहा वेळा बटण दाबावं लागतं. आकडा पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतर ठेवावा की हॅशनंतर (#)? मी हॅश घेईन. हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवत नाही, आणि कुणाची किती जमीन हे तुमच्या सर्व्हरला कळायचं कारण नाही.

मागचे आकडे लक्षात ठेवायचे असतील तर लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधला साठा, आहे, पण त्यावर फार विसंबू नका. सफारी वापरत राहून सात दिवस एखाद्या साइटला हात लावला नाही, तर ॲपल तिथला साठा पुसून टाकतं. फोनच्या होम स्क्रीनवर ॲप बसवलं तर हा नियम लागत नाही. त्यासाठी मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल लागते: नाव, रंग, १९२ आणि ५१२ पिक्सेलची दोन चिन्हं. नेट नसताना चालायला सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारा कोड) हवा. तो शिकायला वेळ लागतो, आणि जुनी आवृत्ती धरून बसण्याची त्याची खोड आहे. म्हणून बाकी सगळं ठीक झाल्यावरच त्याच्या वाटेला जा.

पानाच्या तळाशी एक ओळ मात्र लिहा: हे फक्त एककांचं रूपांतर आहे, जमिनीची मोजणी भूमी अभिलेख विभागच करतो. बांधावरून भांडणारे लोक स्क्रीनवरचा आकडा पुरावा म्हणून दाखवतात.

पाठवल्यावर कसं दिसतं ते बघा

मराठी वाचक तुमच्याकडे येणार तो बहुतेक वॉट्सॲपवरून. तिथे लिंकबरोबर चित्र, शीर्षक आणि वर्णन दिसतं ते ओपन ग्राफच्या मेटा ओळींतून. फेसबुकने २०१० मध्ये आणलेली ही पद्धत आता सगळेच वाचतात. दर लेखाला शीर्षक, वर्णन, पत्ता आणि चित्र या चार ओळी द्या. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेल, हलकं, आणि त्याचा पत्ता डोमेनसकट पूर्ण. अर्धवट पत्ता दिला तर चित्र येत नाही. गटात टाकण्याआधी स्वतःलाच पाठवून बघा. एकदा गेलेल्या संदेशातलं चित्र नंतर सुधारत नाही.

महिन्यातून एकदा

साइटचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मग एखाद्या लिंक तपासणाऱ्या साधनातून साइट काढा. डब्ल्यूथ्रीसीचं ऑनलाइन आहे, लिची नावाचं मुक्त साधन स्वतःच्या मशीनवर चालतं. तुमच्या आतल्या लिंका तुटलेल्या आढळल्या तर त्याच दिवशी दुरुस्त करा. बाहेरचं पान सरकलं असेल तर नवा पत्ता घाला, नाहीसं झालं असेल तर टिपून ठेवलेली अर्काइव्हची लिंक लावा.

तपासणीत न सापडणारा एक प्रकार राहतो. एखाद्या साइटचं डोमेन सुटतं, ते भलताच कुणी घेतो आणि तिथे जुगाराची जाहिरात लावतो. साधनाला पान उघडल्याचं कळतं, 'ठीक' अशा अर्थाचा २०० हा कोड मिळतो, सगळं हिरवं दिसतं. म्हणून जुन्या पाच-दहा लेखांच्या लिंका अधूनमधून स्वतः उघडा. अशी लिंक सापडली तर काढून टाका, तुमचं वाक्य तसंच राहू द्या आणि शेजारी कंसात 'मूळ पान आता नाही' एवढं लिहा.